बागेतल्या तळ्यात बेडूक सोडू नका, त्यांना येऊ द्या

प्रश्न थोडक्यात असा आहे. खेड शिवापूरजवळ तुमचं घर आहे. मागच्या अंगणात दहा बाय आठ फुटांचं, अडीच फूट खोल सिमेंटचं तळं तुम्ही गेल्या उन्हाळ्यात बांधून घेतलंत. त्यात कमळं लावलीत, डास होऊ नयेत म्हणून गप्पी मासे सोडलेत. अख्खा पावसाळा सरला. कुंड्यांमागे एक-दोन बेडूक दिसले, पण तळ्यात ना अंडी, ना पिल्लं. आता जूनमध्ये आंबोलीला जाताय, तर तिथून चार बेडूक आणावेत, नाहीतर मुळशीकडच्या एखाद्या ओढ्यातून बादलीभर बेडूकमासे आणून सोडावेत, असा बेत आहे. यातल्या कोणत्या जाती टिकतील, असं तुम्ही विचारलंय.

दोन्हीकडून काहीही आणू नका. तुमच्या भागात बेडकांची वानवा नाही. शिवगंगेच्या काठाला भातखाचरं आहेत, ओढे आहेत, विहिरी आहेत, रात्री खिडकी उघडली तर आवाज येत असणार. बेडूक तुमच्या कुंपणापर्यंत आलेलेच आहेत, कुंड्यांमागे दिसले ते त्यांतलेच. मग ते तळ्यात का उतरत नाहीत? तर तळं माशांचं झालंय, बेडकांचं नाही. आंबोलीचे चार सोडलेत तरी ते तिथे राहणार नाहीत, आणि राहिले तर मरतील.

आंबोलीचं आधी सांगतो, कारण ही इच्छा पुष्कळांना होते. तिथल्या सड्यावर, म्हणजे जांभ्या दगडाच्या उघड्या पठारावर, राहणारा पिवळ्या पट्ट्यांचा छोटा भेक (इंग्रजीत टोड, खरबरीत कातडीचा बेडूक) 2009 साली नवी जात म्हणून नोंदवला गेला, आणि जगभरात तो तेवढ्याच परिसरात सापडतो. संकटातल्या प्राण्यांच्या जागतिक यादीत त्याचं नाव अतिसंकटग्रस्त म्हणून आहे. त्याची पिल्लं जांभ्या दगडातल्या खळग्यांमध्ये, बोटभर खोल पाण्यात वाढतात. आंबोलीला वर्षाला सात हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. पुणे शहरात सातशेच्या आसपास पडतो, तुमच्याकडे त्याहून थोडा जास्त धरा. तो प्राणी तुमच्या अंगणात आठवडाभरही काढणार नाही. तो हिरवा, झाडावरून झेप घेत उतरणारा मलबारी उडता बेडूक फोटोत फार देखणा दिसतो, पण त्याला पाण्यावर झुकलेली दाट झाडी आणि सतत ओली हवा लागते. शिवाय जंगलातून असा प्राणी विनापरवाना उचलणं गुन्हा आहे. गोव्यात पावसाळ्यात मांसासाठी बेबे, म्हणजे मोठे बेडूक, पकडणाऱ्यांवर वनखातं 1972च्या वन्यजीव कायद्याखालीच कारवाई करतं. बेडकांच्या तंगड्यांची निर्यात भारतानं 1987 मध्ये बंद केली, त्याच्या मागेही बेसुमार पकडणंच होतं.

मुळशीच्या बेडूकमाशांचा विचार वरवर बराच निरुपद्रवी वाटतो. जवळचेच आहेत, आपल्याच जिल्ह्यातले आहेत, मग बिघडलं कुठे? बिघडतं ते दोन कारणांनी.

पहिलं कारण रोगाचं. बेडकांच्या कातडीला लागणारी एक बुरशी आहे, कायट्रिड म्हणतात तिला. जगात तिच्यामुळे बेडकांच्या कित्येक जाती संपल्या. उत्तर सह्याद्रीतल्या बेडकांवर ती असल्याचं 2013 मध्ये प्रसिद्ध झालं. इथे तिनं बेडकांचे खच पाडलेले नाहीत, आपले बेडूक ती अंगावर घेऊन जगताना दिसतात. पण एका खोऱ्यातलं पाणी बादलीतून दुसऱ्या खोऱ्यात नेऊन ओतायचं, म्हणजे त्या बादलीत काय काय आहे हे न बघता ओतायचं. बुरशी, विषाणू, परजीवी, गोगलगायीची अंडी, गप्पीची पिल्लं, सगळं त्यात आलं.

दुसरं कारण म्हणजे बेडूकमासा बघून तो कोणाचा हे भल्याभल्यांना सांगता येत नाही. बादलीत बुलफ्रॉगची पिल्लं आली तर? मोठा, पाठीवर वळ असलेला, पहिल्या पावसात नर पिवळाजर्द होतो आणि गालाशी निळे फुगे फुगवतो तो हा बेडूक. दरवर्षी जूनमध्ये मोबाईलवर त्याचे व्हिडिओ फिरतात. त्याची पिल्लं मांसाहारी असतात, इतर बेडूकमासेही खातात. अंदमानात हा बेडूक मूळचा नाही. मुख्य भूमीवरून मत्स्यशेतीसाठी माशांचं बीज आलं, त्यात तो पोचला असावा असं मानतात. तिथे केलेल्या प्रयोगांत, 2019 मध्ये प्रसिद्ध झालेल्या, बुलफ्रॉगच्या पिल्लांबरोबर ठेवलेली स्थानिक बेडकांची पिल्लं वाचलीच नाहीत. आपल्याकडे तो इथलाच आहे, इतर जाती त्याच्याबरोबर राहायला शिकलेल्या आहेत. पण त्या हजार डबक्यांच्या मोकळ्या रानात शिकल्या, दहा बाय आठच्या हौदात नाही. तो आपणहून आला तर येऊ द्या. हातानं मात्र आणू नका.

आता तुमच्याकडे आपणहून कोण येईल ते सांगतो. सगळ्यात आधी भेक, अंगावर फोड असलेला, डोळ्यांवर काळ्या कडा असलेला, कुंड्यांमागे दिसला तो बहुधा हाच. मग झाडबेडूक, तपकिरी, बोटांना गोल चकत्या असलेला, न्हाणीघरात, मोटारीच्या पेटीत, दाराच्या चौकटीवर बसलेला सापडतो. भातखाचरांमधला क्रिकेट फ्रॉग, ज्याच्या एका जातीच्या शास्त्रीय नावात सह्याद्री आहे. अंगठ्याच्या पेराएवढा, टोकदार तोंडाचा मायक्रोहायला, जो दिसत नाही पण सगळ्यात जास्त ओरडतो. आणि नशीब असेल तर जमिनीत राहणारा स्फेरोथेका. मागच्या पायांना खोऱ्यासारखा कठीण उंचवटा असतो, त्यानं तो माती उकरत मागे मागे सरकत जमिनीत जातो आणि वर्षाचे बरेच महिने तिथेच काढतो. कोणाकोणाच्या अंगणाखाली तो आधीपासून असतो आणि घरमालकाला पत्ता नसतो. म्हणून अंगणभर पेव्हर ब्लॉक बसवण्याआधी विचार करा.

काहींना तर तळं लागतच नाही. सह्याद्रीत झुडपांवर राहणारे छोटे बेडूक आहेत, त्यांतला एक 2013 मध्ये महाराष्ट्रातूनच नोंदवला गेला. ते पानाखाली किंवा ओल्या मातीत अंडी घालतात आणि अंड्यातून थेट चार पायांचं पिल्लू बाहेर येतं, बेडूकमासा हा टप्पाच नाही. त्यांच्यासाठी करवंदासारखी दाट देशी झुडपं (घाणेरी नको) आणि पालापाचोळा एवढं पुरतं. बिनपायाचं, गांडुळासारखं दिसणारं देवगांडूळही बेडकासारखं उभयचरच, पण ते मातीत राहतं, त्याचा तुमच्या तळ्याशी संबंध नाही.

आता मुख्य मुद्दा. बागेतल्या तळ्यांबद्दल जो सल्ला इंटरनेटवर मिळतो तो बहुतेक इंग्लंडकडचा असतो. खोल तळं, बारमाही पाणी, हिवाळ्यात गोठू नये म्हणून काळजी. आपले बहुतेक बेडूक या पाण्याचे नाहीतच. ते आटणाऱ्या पाण्याचे आहेत. जूनमध्ये भरतं आणि दिवाळीनंतर कोरडं पडतं ते डबकं त्यांचं. बारमाही पाण्यात मासे टिकतात, चतुरांच्या मोठ्या अळ्या टिकतात, पाणढेकूण टिकतात, आणि हे सगळे बेडूकमाशांवर जगतात. डबकं उन्हाळ्यात वाळलं की त्या सगळ्यांचा हिशेब मिटतो आणि पुढच्या जूनमध्ये बेडकांना मोकळं पाणी मिळतं. पिल्लांना महिना-दीड महिना मिळाला की बहुतेक जातींचं काम भागतं. पाण्यावरून टप्पे घेत पळणारा तो हिरवट-करडा बेडूक तेवढा बारमाही पाण्यात रमतो. झाडबेडकाच्या पिल्लांनाही जवळपास दोन महिने लागतात. म्हणून माझा सल्ला असा की सिमेंटचं तळं राहू द्या, त्यात दुरुस्त्या करा, पण खरा खर्च आणि मेहनत त्याच्या शेजारी एक डबकं करण्यावर घाला.

डबकं म्हणजे किती? सहा बाय चार फूट पुष्कळ झालं. मधोमध फूटभर खोल, आणि तिथून कडेपर्यंत परातीसारखा उथळ उतार. उभी भिंत कुठेही नको. तुमच्या भागातला मुरूम पाणी धरत नाही, त्यामुळे खाली काहीतरी घालावं लागेल. काळी माती मिळत असेल तर चार-सहा इंचांचा थर ओला करून धुमसायचा, नाहीतर शेततळ्याचा पाचशे मायक्रॉनचा प्लास्टिक कागद घ्यायचा. कृषी सेवा केंद्रात विचारलंत तर कापून उरलेला तुकडा स्वस्तात मिळतो. कागदाखाली जुनी पोती अंथरा, खडे टोचत नाहीत. कागदावर दोन-तीन इंच माती पसरा आणि कागद कुठेही उघडा ठेवू नका. उघडा कागद उन्हानं फाटतो हे एक, आणि ओला झाला की त्यावर पाय ठरत नाही हे दुसरं. मोठ्या शेततळ्यांत साप, ससे, कुत्री, बेडूक बुडून मरतात ते याच गुळगुळीत उतारावर. तुमच्याकडे कुणाचं शेततळं असेल तर चार कोपऱ्यांत गाठी मारलेला दोर किंवा पोत्यांची पट्टी सोडायला सांगा. फार थोडं काम आहे आणि फार जीव वाचतात.

जागा निवडताना अर्धं ऊन, अर्धी सावली बघा. पूर्ण सावलीत शेवाळ धरत नाही, आणि बेडूकमासे मुख्यतः शेवाळाच्या थरावर जगतात. थेट आंब्या-फणसाखाली नको, पाला पडून पाणी सडतं. कडेला अळू लावा. लोक महागडी पाणवनस्पती शोधत बसतात, पण अळवाच्या पानाखाली जितके बेडूक बसलेले दिसतील तितके इतर कुठे दिसणार नाहीत. काठाला ब्राह्मी, वेखंड चालतील. पाण्यात थोडी हायड्रिला. जलपर्णी मात्र कितीही सुंदर फुलली तरी आणू नका, आणि पाणकणीसही नको, दोन वर्षांत अख्खं डबकं व्यापून टाकेल. तळाला मूठ-दोन मूठ वाळकी पानं टाका, बस. पाव, भात, माशांचं खाद्य काही घालू नका. पाणी हिरवं झालं तर आनंद माना, उपसून धुऊ नका.

पाणी पावसाचंच भरू द्या. पत्र्यावरून किंवा गच्चीवरून पन्हाळ आणता आली तर उत्तम, फक्त पहिल्या पावसाचं घाण पाणी बाहेर सोडा. एकच वेळ अशी येते की हात घालावा लागतो, ती म्हणजे मधली उघडीप. 2023चा ऑगस्ट हा देशात 1901 पासूनचा सर्वांत कोरडा ऑगस्ट ठरला. अशा वर्षी डबकी पिल्लांसकट आटतात. म्हणून दोनशे लिटरचा एक ड्रम पावसाच्या पाण्यानं भरून, झाकून ठेवा आणि पाणी तळाला गेलं की थोडं थोडं घाला. नळाचं घालायची वेळ आली तर ते उघड्या टाकीत दोन दिवस ठेवून मग, क्लोरीन उडून जाऊ द्या.

आता सिमेंटच्या तळ्याकडे. त्याचे दोष दोन, गप्पी आणि भिंती. गप्पी अंडी न घालता थेट पिल्लं देतो, त्यामुळे एक गाभण मादी राहिली तरी महिन्याभरात पुन्हा थवा. जाळीनं काढून संपत नाहीत. एप्रिलच्या अखेरीस कमळाच्या कुंड्या बाहेर काढा, तळं पूर्ण उपसा आणि कडक उन्हात आठवडाभर वाळू द्या. मासे ओढ्यात किंवा नदीत सोडू नका, ते इथले नाहीत आणि जिथे जातील तिथे तेच करतील. मत्स्यालयाच्या दुकानात द्या, किंवा आरोग्य खात्याच्या हिवताप विभागाला विचारा, त्यांना बंदिस्त हौदांसाठी लागतात. गटारात, बांधकामाच्या टाकीत गप्पीला माझा विरोध नाही. बेडकांच्या पाण्यात आहे, कारण फुटलेल्या अंड्यांतून बाहेर येणारी, अजून नीट पोहता न येणारी पिल्लं तो वेचून खातो.

तळं रिकामं असतानाच भिंतींचं काम उरकून घ्या. एका बाजूला दगडगोटे, विटांचे तुकडे आणि वर माती असा उतार तळापासून काठापर्यंत रचा. अर्धं तळं उथळ झालं तरी चालेल, खरं तर चांगलंच. समोरच्या भिंतीवर काठावरून पाण्यात लोंबेल असं एखादं पोतं दगडाखाली दाबून टाका. नवीन गिलावा करणार असाल तर त्याचा चुना उतरेपर्यंत पाणी भरून, दोन-चार दिवसांनी ओतून, पुन्हा भरायचं. केळीच्या खांबाचे तुकडे टाकून ठेवण्याची पद्धत मत्स्यपालक वापरतात, तीही चालेल. घरात लहान मूल येत-जात असेल तर पाण्याच्या पातळीखाली लोखंडी जाळी बसवा. फूटभर पाणीही लहान मुलाला पुरेसं धोकादायक असतं.

उताराबद्दल इतका आग्रह का, ते सांगतो. बेडूकमाशाला आधी मागचे पाय फुटतात, तोवर तो पाण्यातच मजेत असतो. पुढचे पाय बाहेर आले की दोन-चार दिवसांत सगळं बदलतं. तोंडाची ठेवण बदलत असते म्हणून तो खाणं बंद करतो, शेपूट आत जिरवून त्यावर जगतो, आणि श्वास फुप्फुसांनी घ्यायला लागतो. त्या वेळी त्याला नीट पोहताही येत नाही, नीट चालताही येत नाही. टेकायला ओली जमीन मिळाली नाही तर तो बुडून मरतो, आयुष्य पाण्यात काढलेला प्राणी. उभ्या भिंतींच्या हौदात सगळी पिल्लं शेवटच्या आठवड्यात जातात आणि लोक म्हणतात पाणी खराब झालं. पाणी ठीक असतं. बाहेर पडायची वाट नसते.

वळवाच्या सरींनी फसू नका, खरी धावपळ मान्सूनच्या पहिल्या दोन-तीन जोरदार रात्रींत होते. त्या वेळी बॅटरी घेऊन बाहेर जा, पण लांबून बघा. सकाळी अंडी शोधा, आणि कोण येऊन गेलं ते अंड्यांवरूनच कळेल. पाण्यात, गवताच्या काड्यांना गुंडाळलेल्या लांबच लांब पारदर्शक दोऱ्या आणि त्यात काळे ठिपके असतील तर भेक. पाण्याच्या पृष्ठभागावर पातळ तवंग आणि त्यात शेकडो बारीक काळे-पांढरे ठिपके असतील तर मायक्रोहायला. त्याची पिल्लं मला सगळ्यात आवडतात. काचेसारखी आरपार, मधल्या पाण्यात तरंगत स्थिर असतात, पोटातलं आतडं आणि दोन डोळे तेवढे दिसतात. वाडग्यात पाणी घेऊन उजेडात धरल्याशिवाय ती आहेत हेच कळत नाही. आणि भिंतीवर किंवा अळवाच्या पानावर, पाण्याच्या वर, मुठीएवढा पांढरा फेस दिसला तर ते झाडबेडकाचं घरटं. मादी एक द्रव सोडते आणि मागच्या पायांनी घुसळून त्याचा फेस करते, अंडी त्यात. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी बाहेरून फेस वाळून पिवळट होतो, आतून ओला राहतो. काही दिवसांनी पावसाची सर आली की पिल्लं त्यातून टपटप खाली पाण्यात पडतात. हा फेस बघून ‘कुणी साबणाचं पाणी टाकलं’ म्हणत त्यावर पाइपनं पाणी मारणारे कामवाले आणि माळी मी पाहिलेत. घरातल्या सगळ्यांना तो आधीच दाखवून ठेवा.

पहिल्या वर्षी फक्त भेक आला तर निराश होऊ नका, बहुतेक ठिकाणी तोच आधी येतो. हजारो अंडी, त्यांतली फार थोडी पिल्लं जमिनीवर येतात. बाकीची कोणाच्या ना कोणाच्या पोटात जाणार, काही एकमेकांच्याही. त्यात ढवळाढवळ करायची नाही. नखाएवढे भेक काठावरून बाहेर पडायला लागले की त्या आठवड्यात लॉन कापायचं नाही, एवढं लक्षात ठेवा.

तळ्याबाहेरची जागा तळ्याइतकीच महत्त्वाची आहे. बेडूक वर्षातले थोडे दिवस पाण्यात असतो आणि उरलेले ओलसर अडोशात. एका कोपऱ्यात दगडांचा सैलसर ढीग, जुनी लाकडं, पालापाचोळा तसाच ठेवा, झाडू मारू नका. कुंपणाची भिंत पक्की असेल तर जमिनीलगत दोन-तीन ठिकाणी हाताचा पंजा जाईल एवढी भोकं पाडा. कित्येक बंगल्यांत बेडूक येत नाहीत याचं एवढंच कारण असतं. तळ्यावर दिवा नको. रात्रभर पांढरा फ्लडलाइट असेल तर नर ओरडायला कचरतात. तणनाशक, कीटकनाशक तळ्याच्या वरच्या अंगाला अजिबात मारू नका, बेडकाची कातडी सगळं आत शोषून घेते. गाडी धुतलेलं पाणीही दुसरीकडे वळवा. कुत्रा असेल तर तो एकदा तरी भेक तोंडात धरणार. भेकाच्या मानेमागच्या गाठींतून विषारी स्राव येतो, कुत्र्याच्या तोंडाला फेस येतो. लगेच त्याचं तोंड भरपूर पाण्यानं, बाहेरच्या दिशेनं धुवा, आणि लाळ थांबली नाही किंवा तो लडखडायला लागला तर डॉक्टरांकडे न्या. बहुतेक कुत्रे पुन्हा त्याच्या वाटेला जात नाहीत.

डासांचा प्रश्न शेजारी काढणारच, आणि त्यांचं म्हणणं चूक नाही. ‘बेडूक डास खातात’ हे उत्तर देऊ नका. खातात, पण तेवढ्यानं डास आटोक्यात येत नाहीत. काम करतात ते चतुर, टाचण्या (चतुरांचे बारीक भाऊबंद) आणि पाणकिडे, आणि ते तुमच्याकडे पहिल्या काही आठवड्यांतच येतील. सुरुवातीला अळ्या फार दिसल्या तर बीटीआय नावाचं जिवाणूंचं औषध मिळतं, ते डासांच्या अळ्यांवर चालतं आणि बेडूकमाशांना त्रास देत नाही. डेंगीचा डास तर मुख्यतः कुलर, टायर, कुंडीखालची ताटली, झाकण नसलेला ड्रम यांत होतो. आधी ते बघा. शेजाऱ्यांना बोलावून ते करताना दाखवा, अर्धी कुरकुर तिथेच संपते.

सापांबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण सांगणं भाग आहे. बेडूक आले की त्यांना खाणारे येतात. पाण्यात दिसेल तो बहुधा दिवड, विरोळाही म्हणतात. बिनविषारी, पण चावका. धामण येईल. नागही बेडूक खातो, तोही येऊ शकतो. म्हणून तळं घराच्या भिंतीला चिकटून नको, दार आणि तळं यांच्यात मोकळी, गवत कापलेली पट्टी ठेवा, दगडांचा ढीग घरापासून लांबच्या कोपऱ्यात रचा, रात्री बॅटरी आणि बूट यांशिवाय तिकडे जाऊ नका, आणि ओळखीच्या सर्पमित्राचा नंबर फोनमध्ये असू द्या. हे मान्य नसेल तर बेडकांचं तळं करू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

हातानं हलवायची मुभा मी एकाच परिस्थितीत देतो. तुमच्याच आवारात, गाडीच्या चाकोरीत किंवा बांधकामाच्या खड्ड्यात कुणी अंडी घातली आणि तो खड्डा बुजवणार आहेत किंवा दोन दिवसांत आटणार आहे, तर ती शेजारच्या डबक्यात न्यायला हरकत नाही. रुंद तोंडाचं घमेलं घ्या, त्याच खड्ड्याचं पाणी त्यात घ्या, अंडी हातानं न उचलता पाण्यासकट घमेल्यात येऊ द्या. हाताला ओडोमॉस, साबण काही नको. घमेलं डबक्यात अर्धा तास तरंगत ठेवा म्हणजे पाण्याचं तापमान जुळेल, मग हळूच कलतं करा. झाडबेडकाचा फेस तुटून पडलेल्या फांदीवर असेल तर फांदीसकट आणा आणि पाण्यावर, उन्हापासून आडोशाला बांधा. खाली पाणी आहे ना, एवढं बघून.